बंद पडलेल्या माळेची चौकशी

घराच्या दर्शनी भागावर लावलेली विजेच्या दिव्यांची माळ एखाद्या संध्याकाळी लागेनाशी झाली, की ती ‘गेली’ असा निकाल तेथल्या तेथे देऊन दुसऱ्या दिवशी मुंबईत लोहार चाळीतून किंवा पुण्यात तपकीर गल्लीतून नवी माळ आणण्याची जी रीत आपल्याकडे पडून गेली आहे, तिच्यात अनेकांना व्यवहारज्ञान दिसते; शे-दीडशे रुपयांच्या वस्तूसाठी संध्याकाळ कोण खर्ची घालणार, हा सवाल वरवर पाहता बिनतोडही वाटतो. परंतु या माळांची रचना ज्याने एकवार समजून घेतली, त्याच्या ध्यानात येईल की टाकून दिलेल्या पुष्कळशा माळांत एखादा दिवा, एखादा सांधा किंवा प्लगच्या मानेजवळचा वीतभर वायरीचा तुकडा एवढाच काय तो बिघाड असतो आणि उरलेले सारे साहित्य शाबूत असते. आणि पैशांपेक्षाही महत्त्वाची बाब अशी, की माळ का बंद पडली याची चौकशी न करता जो गृहस्थ नवी माळ त्याच खिळ्यांवर आणि त्याच ओल्या ग्रिलवर टांगतो, तो बिघाडाचे मूळ कारण जागच्या जागी ठेवूनच पुढे जातो. ते कारण ओल आणि उघडी पडलेली तार हे असेल, तर पुढच्या खेपेस त्याचा परिणाम माळेपुरताच राहील याची हमी कोणालाही देता येणार नाही.

ही चौकशी करण्याआधी आपल्या हातातील माळ कोणत्या जातीची आहे हे ओळखावे लागते, कारण एकच लक्षण दोन निरनिराळ्या रचनांत निरनिराळ्या दोषांचे द्योतक असते. एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ सालच्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील आपल्या घरी नाताळच्या वृक्षावर तांबडे, पांढरे आणि निळे असे ८० दिवे हाताने तारा जोडून लावले, तेव्हापासून आजतागायत विजेच्या रोषणाईपुढे एकच मूळ प्रश्न उभा राहिलेला आहे: घरात येणारी वीज मोठ्या दाबाची आणि शोभेचा दिवा मात्र चिमुकला, अशा दोघांची सांगड घालायची कशी? या प्रश्नाची जी दोन-तीन उत्तरे कारागिरांनी शोधली, त्यांतूनच आजच्या माळांच्या जाती निर्माण झाल्या, आणि प्रत्येक जातीचे दोषही त्या-त्या उत्तराच्या पोटातूनच जन्मलेले आहेत.

पैकी सर्वांत जुने उत्तर एकसर जोडणीचे, ज्याला बाजारात नुसते ‘सिरीज’ म्हणतात. आपल्या घरातला विद्युद्दाब २३० व्होल्टचा आणि माळेतला तंतूचा दिवा ६ व्होल्टचा. असे ४० दिवे एकापुढे एक जोडले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट येतात आणि सगळे सुखाने पेटतात. या योजनेत निराळ्या यंत्राची गरज नाही, हा तिचा गुण. पण विजेला जाण्यायेण्याचा मार्ग एकच असल्यामुळे त्या मार्गावर कोठेही एका जागी खंड पडला, की चाळीसच्या चाळीस दिवे एकदम विझतात आणि दोषी दिवा निर्दोषांच्या गर्दीत लपून बसतो, हा तिचा मोठाच अवगुण होय. यावर उपाय म्हणून चांगल्या प्रतीच्या दिव्यांत एक विलक्षण युक्ती केलेली असते. असा दिवा भिंगाखाली धरून पाहिला, तर तंतूला पेलून धरणाऱ्या दोन काड्यांच्या बुडाशी केसाहून बारीक तारेचे काही वेढे दिसतात. या तारेवर अतिशय पातळ असा रोधक थर दिलेला असतो, त्यामुळे सहा व्होल्टच्या दाबाखाली तिच्यातून वीज जात नाही. परंतु तंतू तुटला म्हणजे माळेचा संपूर्ण २३० व्होल्टचा दाब त्या एकाच दिव्यावर येऊन पडतो, तो थर फाटतो, वेढ्यांमधून वीज वाहू लागते, आणि तो एक दिवा विझूनही बाकीची माळ तेवत राहते.

मात्र या सोयीची किंमत बाकीच्या दिव्यांना मोजावी लागते. चाळिसांतले दोन दिवे असे विझले, की उरलेल्या अडतीस दिव्यांच्या वाट्याला ५.७५ ऐवजी ६.०५ व्होल्ट येतात. वाढ सुमारे पाच टक्क्यांची, आणि दिसायला तर ती क्षुल्लक, कारण माळ पूर्वीपेक्षा किंचित अधिक तेजस्वीच दिसते. पण तंतूच्या दिव्याचा स्वभाव असा आहे, की दाब पाच टक्क्यांनी वाढला तर त्याचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. मग तिसरा दिवा लवकर जातो, चौथा त्याहून लवकर, आणि ज्या माळेने दोन वर्षे तक्रार केली नाही ती आठवड्याभरात काळी पडते. म्हणून विझलेला एकटा-दुकटा दिवा तत्काळ बदलणे हाच या जातीच्या माळेचा खरा बंदोबस्त आहे, आणि रिकाम्या होल्डरात चॉकलेटची चांदी किंवा तारेचा तुकडा कोंबून माळ ‘चालू करण्याची’ जी हिकमत काही ठिकाणी अभिमानाने सांगितली जाते, ती माझ्या मते सर्वथा त्याज्य आहे, कारण तिने बाकीच्या दिव्यांवरचा भार वाढतोच आणि शिवाय उघड्या धातूला थेट घरची वीज पोहोचते.

तपासणीला हात घालण्यापूर्वी एक नियम मात्र अपवादावाचून पाळला पाहिजे: बटण बंद करून भागत नाही, प्लग बाहेर काढलाच पाहिजे. या माळांचा प्लग बहुधा दोन पिनांचा असतो आणि तो सॉकेटमध्ये कोणत्याही बाजूने बसतो. त्यातच वायरमनच्या हयगयीने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असले, तर बटण बंद केल्यावर दिवे विझतात खरे, पण संपूर्ण माळेत २३० व्होल्टचा दाब तसाच नांदत असतो आणि तिला स्पर्श करणाऱ्याचे शरीर जमिनीपर्यंतचा मार्ग पुरा करते. एलईडीची माळ बटण बंद केल्यावरही काजव्यासारखी मंद मिणमिणत राहते अशी जी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते, तिचे एक कारण हेच असते. दुसरे एक निरुपद्रवी कारण असे, की बटणातच रात्री दिसण्यासाठी छोटा लाल दिवा असला, तर त्यातून झिरपणारी यत्किंचित वीज एलईडीला मिणमिणवायला पुरते. दोहोंपैकी कोणते खरे, हे वायरमनकडून बटणाची जोडणी तपासून घेतल्याखेरीज ठरवू नये.

संपूर्ण माळ बंद असेल तर आरंभ सर्वांत सोप्या गोष्टीपासून करावा. त्या सॉकेटमध्ये दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे. मग प्लग आणि वायर यांची जेथे गाठ पडते ती मान बोटांनी चाचपावी, कारण वर्षानुवर्षे वायर धरून प्लग ओढल्यामुळे आतली तांब्याची तार याच जागी तुटते आणि वरचे प्लास्टिक मात्र अखंड दिसत राहते. त्यानंतर प्रत्येक दिवा होल्डरात नीट दाबून बसवावा. वर सांगितलेली वेढ्यांची युक्ती दिवा होल्डरात असेल तेव्हाच उपयोगी पडते. वाऱ्याने किंवा माळ गुंडाळताना दिवा सैल होऊन त्याच्या पायांचा पितळी पट्टीशी संबंध सुटला, तर त्या युक्तीला काहीच करता येत नाही. म्हणूनच चांगल्या दिव्यांची माळ समूळ बंद पडली, तर तुटलेल्या तंतूपेक्षा सैल दिव्याचा किंवा तुटलेल्या वायरीचा संशय आधी घ्यावा.

एवढ्याने उलगडा झाला नाही, तर चाळीस दिवे एकेक करून तपासत बसण्याचे कारण नाही. मल्टिमीटर हाताशी असेल, तर प्लग काढलेल्या अवस्थेत विसावा दिवा उपसून प्लगच्या दोन्ही पिनांपासून त्या होल्डरच्या दोन्ही पट्ट्यांपर्यंत वीज जाण्याचा मार्ग आहे की नाही हे पाहावे. मार्ग ज्या अर्ध्यात अखंड आहे तो अर्धा भाग निर्दोष. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. या रीतीने चाळिसांतला एक दोषी दिवा फार तर सहा चाचण्यांत सापडतो. मल्टिमीटर नसेल, तर विजेला स्पर्श न करता नुसता जवळ धरला असता वाजणारा जो टेस्टर हल्ली मिळतो, तो माळ लावलेली ठेवून दिव्यादिव्याजवळून फिरवावा. फेजच्या बाजूने खंड पडलेल्या जागेपर्यंत तो वाजत जातो आणि त्या जागेपलीकडे गप्प होतो. सगळीकडेच वाजू लागला, तर माळेसोबत परत येणाऱ्या वायरीत फेज आला आहे असे समजून प्लग उलटा घालावा आणि पुन्हा पाहावे. या चाचणीत माळेत वीज असते, सबब हात कोरडे, पायांत चपला आणि माळ जमिनीवर किंवा लाकडी टेबलावर पसरलेली, एवढी तजवीज आधी केलेली असावी. शिडीवर उभे राहून ही चाचणी मुळीच करू नये.

माळ आपोआप उघडझाप करू लागली, तर तिच्या तालाकडे लक्ष द्यावे. काही दिव्यांत दोन धातूंची जोडपट्टी असते. ती तापून वाकते, मार्ग तोडते, थंड झाली की परत चिकटते, आणि त्यामुळे सगळी माळ ठरावीक लयीत लुकलुकते. तसा दिवा चुकून साध्या माळेत आला असेल, तर तो काढला की काम झाले. परंतु लुकलुकणे जर अनियमित असेल, आणि वारा आला किंवा वायरीला हात लागला की होत असेल, तर कोठेतरी सांधा सैल आहे. तेथे सूक्ष्म ठिणग्या पडत असतात आणि प्लास्टिक तापत असते. अशी माळ दोष सापडेपर्यंत लावूच नये.

आता बाजारात तंतूची माळ दुर्मीळ होत चालली आहे आणि तिची जागा एलईडीने घेतली आहे. दिसणारा तांबडा एलईडी १९६२ साली निक होलोन्याक यांनी सिद्ध केला, परंतु निळ्या रंगाचा तेजस्वी एलईडी साधण्यास १९९०चे दशक उजाडावे लागले. त्या कामगिरीबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि निळ्यावर पिवळ्या द्रव्याचा लेप देऊन पांढरा प्रकाश मिळवता येऊ लागल्यामुळेच आजच्या शुभ्र माळा शक्य झाल्या. हा इतिहास दुरुस्ती करणाऱ्याच्याही उपयोगाचा आहे, कारण रंगारंगाच्या एलईडीला लागणारा दाब निराळा असतो: तांबड्या-पिवळ्याला सुमारे २ व्होल्ट, हिरव्या, निळ्या आणि पांढऱ्याला सुमारे ३. म्हणून गेलेल्या एलईडीच्या जागी त्याच रंगाचा दुसरा बसवावा, आणि तोही त्याच दिशेने, कारण एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते. उलटा बसवलेला नवा कोरा एलईडी संपूर्ण शाखा बंद पाडतो आणि दुरुस्ती करणारा मात्र दोष दुसरीकडे शोधत राहतो.

एलईडी स्वतः सहसा जळत नाही. त्याचे पाय जातात. गॅलरीत एक पावसाळा काढलेल्या माळेतला एलईडी त्याच्या प्लास्टिकच्या टोपीतून हळूच उपसून पाहावा. दोन पाय बाहेर यावयाचे तेथे पुष्कळदा एकच येतो आणि दुसऱ्याच्या जागी तपकिरी भुकटी सांडते. हे पाय वरून कथलाने चकचकीत दिसले तरी आतून बहुधा पोलादाचे असतात. टोपीत शिरलेले पाणी तेथेच कोंडून राहते, माळेतला प्रवाह एकाच दिशेचा असल्यामुळे त्या पाण्यात विद्युद्विघटन सुरू होते, आणि नुसत्या गंजाला जे काम करायला काही वर्षे लागली असती ते एका मोसमात उरकते. सोबतच्या तांब्याच्या तारेवर हिरवट पापुद्रा आलेला असतो, आणि ती तार बोटाने वाकवली तरी मोडते. असा पुरावा एका टोपीत सापडला तर शेजारच्या चार टोप्या उघडून पाहाव्यात, कारण पाणी एकट्या दिव्याला शोधत आलेले नसते.

बंद शाखेतला दोषी एलईडी ओळखण्यासाठी एक अत्यंत सुरक्षित साधन घरच्या घरी तयार करता येते. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्यावी, तिच्या एका टोकाला एक किलोओहमचा रोध जोडावा, आणि त्या दोन टोकांच्या बारीक टोचण्या प्लग काढलेल्या माळेतील प्रत्येक एलईडीच्या दोन पायांना लावीत जावे. योग्य दिशेने लावताच चांगला एलईडी प्रकाशतो. रोधामुळे प्रवाह पाच-सात मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे कशालाही इजा होण्याची भीती नाही. दोन्ही दिशांनी जो प्रकाशत नाही तो बाद. अवघ्या काही रुपयांचे हे साधन प्रत्येक गणेशोत्सव मंडळाच्या पेटीत असावे असे मला मनापासून वाटते.

ज्या माळांना आठ तऱ्हांनी लुकलुकणारी डबी असते, त्यांत एकाऐवजी बहुधा चार स्वतंत्र शाखा असतात. डबी उघडली, तर आत चार डायोड, काळ्या थेंबाखाली दडलेली एक चिप, आणि प्रत्येक शाखेसाठी एक असे तीन पायांचे चार छोटे थायरिस्टर दिसतात. एक शाखा बंद आणि तीन चालू असतील, तर दोष शाखेचा की डबीचा, हे ठरवण्याची युक्ती सोपी आहे: शाखा एकाच रंगाच्या असतील तर प्लग काढून बंद शाखेची वायर आणि चालू शाखेची वायर यांची अदलाबदल करावी. अंधार शाखेबरोबर सरकला तर दोष एलईडीत. अंधार जागच्या जागी राहिला तर डबीतला थायरिस्टर निकामी. उलटपक्षी एखादी शाखा कोणत्याही तऱ्हेला न जुमानता सतत जळत राहिली, तर तिचा थायरिस्टर आतून मिळून गेला आहे असे खुशाल समजावे. नवी डबी स्वतंत्र मिळते, त्यासाठी माळ टाकण्याचे प्रयोजन नाही.

या सर्व दोषांहून ज्याच्याविषयी अधिक विस्ताराने लिहिणे मी कर्तव्य समजतो, तो दोष म्हणजे पाण्याचा. आपल्याकडे गणेशोत्सव भर पावसात येतो आणि दिवाळीच्या पहाटे दव पडते, त्यामुळे उघड्यावरची माळ आणि ओल यांची गाठ अटळ आहे. माळ लावली की घरातला ईएलसीबी पडतो, दुपारी उन्हे आल्यावर तीच माळ बिनतक्रार चालते आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा पडतो, असा क्रम दिसला म्हणजे ओलीखेरीज दुसऱ्या कशावर संशय घेण्याचे कारण नाही. येथे दोन रक्षकांतला भेद ध्यानात घ्यावा. एमसीबी पडतो तो प्रवाह अतोनात वाढला म्हणून, म्हणजे दोन तारा एकमेकींना भिडल्या किंवा भार फार झाला म्हणून. ईएलसीबी किंवा आरसीसीबी पडतो तो फेजने गेलेली वीज न्यूट्रलने पुरती परत आली नाही म्हणून, म्हणजे तिचा काही अंश भिंतीतून, ग्रिलमधून किंवा माणसाच्या देहातून जमिनीत जात आहे म्हणून. घरगुती उपकरणाची मर्यादा ३० मिलिअँपिअरची असते आणि ते १५ ते ३० यांच्या दरम्यान केव्हाही पडू शकते. त्यामुळे चार-चार मिलिअँपिअर गळणाऱ्या माळा एकेकट्या लावल्या तर काही होत नाही, पण सहा-सात माळा एकत्र लावताच घर अंधारते आणि प्रत्येक माळ आपापल्या परीने निर्दोष भासते. अशा वेळी सर्व माळा काढून एकेक वाढवत जावे, आणि जिच्या येण्याने तोल जातो तिच्यासकट आधीच्याही सर्व माळा वाळवून तपासाव्यात. उत्सवाच्या गडबडीत ईएलसीबी वगळून माळ थेट जोडून देणारे वायरमन आढळतात. घरमालकाने त्यांना स्पष्ट शब्दांत मनाई करावी, कारण ओल्या गॅलरीत लहान मुलांचा हात ज्या ग्रिलवर असतो, त्या ग्रिलमधल्या विजेची वर्दी देणारा तोच एक पहारेकरी आहे.

आणि ग्रिलविषयी बोलायचे तर, लोखंडी ग्रिलला माळ बांधण्यासाठी बाइंडिंगची तार वापरणे मला अक्षम्य वाटते. ती तार आवळली जाते, उन्हाने कडक झालेल्या आवरणात रुतते, आणि एका ठिपक्याएवढ्या चिरेतून संपूर्ण ग्रिल विजेला जोडले जाते. सुताचा दोरा किंवा प्लास्टिकची पट्टी, आणि तीही सैल, एवढ्याने काम भागते. सांधे नेहमी वळचणीखाली आणावेत. टोप्यांची तोंडे खाली करावीत म्हणजे पाणी आत न साचता ओघळेल. आणि वायर भिंतीतून आत घेण्यापूर्वी तिला खाली थोडा झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून वाहत आलेला थेंब प्लगपर्यंत न पोहोचता झोलाच्या तळाशी गळून पडेल. साधी काळी चिकटपट्टी उन्हात तिचा डिंक पाघळून सुटते, म्हणून बाहेरच्या सांध्यावर तापवल्यावर आवळणारी नळी चढवून तिच्या तोंडांशी सिलिकॉन भरणे हेच टिकाऊ काम होय. माळ विकत घेताना खोक्यावर आयपी ही अक्षरे आणि दोन आकडे असतात. त्यांतला दुसरा आकडा पाण्याविषयीचा. ४ म्हणजे शिंतोड्यांपासून संरक्षण, ५ म्हणजे पाण्याच्या झोतापासून, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालेल असे. आयपी २० लिहिलेली माळ घराबाहेर लावण्यासाठी केलेलीच नसते.

मांडवात आणि रस्त्यावर टांगतात त्या होल्डरांच्या माळा निराळ्या. तेथे प्रत्येक दिवा पुऱ्या २३० व्होल्टचा आणि समांतर जोडलेला असतो, म्हणून एक गेला तर एकच जातो आणि तपास सोपा होतो. एका ठिकाणापासून पुढचे सगळेच दिवे बंद असतील, तर पहिला बंद दिवा आणि त्याआधीचा चालू दिवा यांच्यामधली वायर किंवा सांधा पाहावा. या माळांचा खरा शत्रू भार. पूर्वी १५ वॅटचे शंभर दिवे म्हणजे १५०० वॅट, सुमारे साडेसहा अँपिअर, आणि ते वाहून नेणारी १४/७६ची बारीक वायर उन्हात गुंडाळलेल्या स्थितीत तापून मऊ होत असे. आज अर्ध्या वॅटच्या एलईडीचे शंभर दिवे ५० वॅटांत भागतात. पण म्हणून एकाच सॉकेटवर माळेला माळ जोडत जाण्याचा मोह धरू नये, आणि मंडळांनी महावितरण दरवर्षी आवाहन करते त्याप्रमाणे अधिकृत तात्पुरती जोडणीच घ्यावी. आकडा टाकून घेतलेल्या विजेवर ना योग्य फ्यूज असतो, ना अर्थिंग.

मंडळांच्या आराशीत गेल्या काही वर्षांत पिक्सेल एलईडीच्या पट्ट्यांनी प्रवेश केला आहे, आणि त्यांचे दोष जुन्या वायरमनलाही चकवतात. येथे प्रत्येक दिव्यापाशी एक चिप असते. नियंत्रकाकडून हुकमांची जी लांबलचक मालिका येते, तिच्यातला पहिला हुकूम ती आपल्यासाठी ठेवते आणि बाकीचे पुढच्या दिव्याकडे धाडते, जसे पंगतीत प्रसादाचे ताट प्रत्येकाने आपला घास घेऊन पुढे सरकवावे. त्यामुळे पन्नासाव्या दिव्यापासून पुढचे सारे दिवे विझले किंवा भलतेच रंग दाखवू लागले, तर दोष बहुधा पन्नासाव्यात असतो, किंवा एकोणपन्नासाव्यात. दुसऱ्याच शक्यतेचा विसर पडतो, कारण तो स्वतः व्यवस्थित प्रकाशत असतो पण हुकूम पुढे देण्याचे त्याचे द्वार निकामी झालेले असते. पट्टीवर छापलेल्या बाणाच्या उलट दिशेने हुकूम जात नाहीत, हेही नवख्याने ध्यानात ठेवावे. याच पट्ट्यांत दूरच्या टोकाचा पांढरा प्रकाश पिवळसर, मग तांबूस होत गेलेला दिसतो, तो दिव्यांचा दोष नसून दाब घटल्याचे चिन्ह असते: पाच व्होल्टच्या पट्टीत वाटेतच एक-दीड व्होल्ट खर्ची पडले, की निळ्या-हिरव्याला लागणारे तीन व्होल्ट नीट पुरत नाहीत, तांबड्याला लागणारे दोन मात्र पुरतात. पट्टीला दोन्ही टोकांकडून वीज पुरवली की रंग जागेवर येतो.

सौर माळांचा प्रश्न छोटा आहे. त्या लागेनाशा झाल्या तर आधी पॅनेलवरची धूळ पुसावी, मग आतली १.२ व्होल्टची बॅटरी बदलावी, जी दोन-तीन वर्षांत थकतेच. आणि गल्लीतल्या दिव्याचा प्रकाश पॅनेलवर पडत असेल तर जागा बदलावी, कारण माळेच्या लेखी तेथे रात्र झालेलीच नसते. तांब्याच्या उघड्या दिसणाऱ्या तारेवर गव्हाच्या दाण्याएवढे दिवे असलेल्या माळांत त्या तारेवर लाखेसारखा पारदर्शक लेप असतो. तुटलेली तार पुन्हा जोडताना तो खरवडून काढल्याशिवाय जोड लागत नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

उत्सव संपल्यावर माळ उतरवताना तिला ओढू नये. एकेक गाठ सोडावी, दिवसभर उन्हात नव्हे पण कोरड्या हवेत पसरून वाळू द्यावी, आणि मग जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सैल वेढे घेऊन गुंडाळावी. प्लग बाहेर राहील अशी व्यवस्था असावी, म्हणजे पुढच्या वर्षी उलगडण्यापूर्वीच ती लावून पाहता येते. उंदरांना वायर कुरतडण्याची खोड असते, सबब पुठ्ठा झाकणाच्या डब्यात ठेवावा. त्याच डब्यात माळेसोबत आलेले जादा दिवे एका पुडीत असावेत आणि पुडीवर त्यांचा रंग, व्होल्ट आणि माळेतील एकूण दिव्यांची संख्या लिहिलेली असावी. दुकानदारास पुढच्या दिवाळीला हीच माहिती लागते, आणि ती नसली तर तो हाती येईल तो दिवा देतो.